बीजापासून काठापर्यंत फुली

वागळे इस्टेटच्या गाळ्यात मी भट्ट्या बांधते आणि रिकाम्या भट्टीत यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडचे अतिसंवाहक, म्हणजे खूप थंड केल्यावर विजेला अजिबात विरोध न करणारे स्फटिक वाढवते. तुम्हालाही वाढवायचे असतील तर आधी भट्टीचं खरं तापमान शोधा. कंट्रोलर दाखवतो ते थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेच्या टोकाचं; स्फटिक ज्या चकतीत वाढतो तिचं नव्हे. मी जांभळी नाक्यावरच्या सराफाकडून चोवीस कॅरेट सोन्याचा कण आणला, चकतीच्या जागी ठेवला आणि १०५० अंशांनंतर एकेक अंशाने चढत गेले. सोनं १०६४ अंशांना वितळतं. कणाचा मणी झाला तेव्हा कंट्रोलर १०७३ दाखवत होता. हे नऊ अंश कळले नसते तर पुढची सगळी मेहनत वाया गेली असती.

वजनाने ७५ भाग काळी १२३ पूड (यिट्रियम, बेरियम, तांबं १:२:३ प्रमाणात), २५ भाग हिरवी २११ (तेच २:१:१ प्रमाणात) आणि वर अर्धा टक्का सिरियम ऑक्साइड. मास्क लावून खलात चांगलं घोटा, बेरियमची पूड विषारी असते. प्रेसमध्ये चकती दाबा. ॲल्युमिनाच्या प्लेटवर यिट्रियम ऑक्साइडची गादी पसरा, नाहीतर वितळलेला द्रव प्लेट खातो. चकतीवर मधोमध दोन मिलिमीटरचं समेरियमवालं बीज, म्हणजे ज्याच्यापासून वाढ सुरू होते तो छोटा स्फटिक, सपाट बसवा. ते जास्त तापमानाला वितळतं, म्हणून टिकतं.

१०४५ वर तासभर, मग झटकन १००५, आणि तिथून ९७० पर्यंत ताशी अर्धा अंश. सत्तर तास! वितळल्यावर १२३ मोडून २११चे कण आणि द्रव उरतो. थंड होताना या कणांतलं यिट्रियम द्रवातून वाट काढत स्फटिकापर्यंत पोचतं, तेव्हा तो वाढतो. घाई केलीत तर भलतीकडेच नवे दाणे, म्हणजे वेगळ्या दिशेचे स्फटिक धरतात. एका जुलैत दुसऱ्या रात्री वीज गेली. जनरेटर लागेस्तोवर भट्टी नऊशेच्या खाली आली होती. बीजाभोवती नखाएवढा भाग तेवढा एकसंध, बाकी सगळा दाणाच दाणा. तीन दिवसांचं काम. मला रडू आलं. तेव्हापासून आपोआप सुरू होणाऱ्या जनरेटरशिवाय मी भट्टी लावत नाही.

चकती ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. बीजाच्या चार कोपऱ्यांतून निघालेल्या रेषांची फुली थेट काठापर्यंत गेली असेल तर जमलं. मध्येच तुटली तर तिथे दुसरा दाणा शिरलाय.

जमलेली चकतीही अजून अर्धीच तयार असते. वाहत्या ऑक्सिजनमध्ये ४५० ते ४०० अंशांवर दीडशे तास ठेवा. मगच ती ९२ केल्विनच्या (सुमारे उणे १८१ अंश सेल्सिअस) आसपास अतिसंवाहक होते आणि ७७ केल्विनच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली की वरचा चुंबक अधांतरी धरते.