अमेरिकेला ११०चा मिक्सर पाठवताय? आधी घरी चालवून बघा

लेकीला न्यू जर्सीला मिक्सर पाठवायचा होता, दुकानदार म्हणाला ११० व्होल्टचाच आहे काका, डोळे झाकून न्या. घरी आणून उलटा केला तर खालच्या पाटीवर २३०, पिन तेवढी अमेरिकन लावलेली! तेव्हापासून बॉक्सला टेप मारायच्या आधी चालवून बघतोच.

तर आधी पाटी वाचा. तिकडे १२० व्होल्ट (बोलताना ११०च म्हणतात), ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० आणि ५०. आणि प्लीज, ११०ची वस्तू ट्रॅव्हल अडॅप्टर लावून भिंतीतल्या सॉकेटात खुपसू नका, तो फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. इस्त्री असेल तर चौपट वॅट खेचणार, कॉइल गेलीच समजा.

प्लग न लावता मल्टिमीटर ओहमवर ठेवून चपटी पिन (अर्थची नव्हे) आणि बाहेरचा धातूचा स्क्रू यांच्यात बघा, ओएल दाखवलं पाहिजे, म्हणजे करंट बॉडीत उतरत नाही. पण घरचा मीटर बिचारा सेलवर चालतो, त्याला बारीक गळती दिसेलच असं नाही, पक्की खात्री हवी तर मोटर रिवायंडिंगवाल्याकडे ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) असतो, दोन मिनिटांचं काम.

मग स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे २३०चे ११० करणारा डबा. ७५० वॅटच्या मिक्सरला १५००चा घ्या, मोटर सुरू होताना जास्त ओढते. मिक्सर जोडायच्या आधी आउटपुट मोजा, ११०-१२०च्या आसपास यायला हवं. मीटर नसेल तर आपला जुना १०० वॅटचा तारेचा बल्ब लावा (एलईडी नको), मरतुकडा पिवळा पेटला तर ठीक, लख्ख पेटला तर लगेच बंद करा. स्वस्त ट्रान्सफॉर्मर बरेचदा ऑटो असतात, त्यात ११०ची बाजू मेनपासून सुटी नसते, म्हणून हात कोरडे, पायात चप्पल आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) असलेला पॉइंट.

आधी रिकामा चालवा, तिन्ही स्पीड, काही सेकंदच. नव्या मोटरला वार्निशचा हलका वास येतो, घाबरू नका, पण धूर आला किंवा आत गोल ठिणग्या फिरताना दिसल्या तर सरळ परत. नंतर भिजवलेली डाळ वाटून बघा.

मिक्सरला कार्बन ब्रश असतात, त्याला ५०-६० हर्ट्झचा फरक पडत नाही. वेट ग्राइंडर मात्र ६० हर्ट्झचा असेल तर इथे हळू फिरतो आणि जास्त तापतो, मिनिटभर चालवून बंद करा. भांडी उन्हात खडखडीत वाळवा, मगच पॅक करा, झाकणाच्या रबरात डाळ अडकते ती काढून.