आधी पिरॅमिड, मग समुद्र: युकातानच्या सहलीची तयारी

मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पावर जायचं ठरलं की बहुतेक जण आधी रिसॉर्ट बुक करतात. कॅनकुनमध्ये सहा-सात रात्रींचं ‘ऑल इन्क्लुसिव्ह’ पॅकेज घ्यायचं आणि मधल्या एखाद्या दिवशी चिचेन इत्झा हे माया लोकांचं प्राचीन नगर उरकून यायचं, असा बेत असतो. पण अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. टूरची बस चार हॉटेलांतून माणसं गोळा करत निघते आणि ऐन उन्हात, ऐन गर्दीत पोचवते. तेवढ्यात रिसॉर्टमधल्या ज्या जेवणाचे पैसे आधीच भरलेत, ते तिथेच राहतं. म्हणून यादीतलं पहिलं काम हे की मुक्काम दोन ठिकाणी करा. अवशेषांसाठी बायादोलिद किंवा मेरिदा या शहरांत साध्या हॉटेलात तीन रात्री घ्या आणि समुद्रासाठी उरलेल्या चार. बायादोलिदहून चिचेन इत्झा पाऊण तासावर आहे, मेरिदाहून उश्माल हे दुसरं माया नगर तासा-सव्वा तासावर.

क्रमही हाच ठेवा. त्याचं माझं कारण झोपेचं आहे. भारतातून तिकडे गेलं की घड्याळ साडेदहा-साडेअकरा तास मागे जातं. पहिले तीन-चार दिवस संध्याकाळी सातलाच डोळे मिटायला लागतात आणि पहाटे साडेतीनला टक्क जाग येते. रिसॉर्टवर ही जाग नुसती कूस बदलण्यात जाते. अवशेषांच्या गावात असलात तर आठ वाजता फाटक उघडतं तेव्हा तुम्ही रांगेत पहिले असता, आणि टूरच्या बसगाड्या येईपर्यंतचे दोन तास तुमचे. शिवाय दगडांतून चालून दुखावलेले पाय शेवटच्या चार दिवसांत वाळूत आपोआप बरे होतात.

घड्याळाचाच विषय निघाला आहे तर पुढची गोष्ट वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. कॅनकुन, आणि तुलुम व कोबा ही आणखी दोन अवशेषांची ठिकाणं, किंताना रो राज्यात येतात. चिचेन इत्झा, बायादोलिद, मेरिदा आणि उश्माल युकातान राज्यात. किंताना रो २०१५ पासून एक तास पुढे आहे. मेक्सिकोने २०२२ मध्ये जवळजवळ सगळ्या देशातली उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करण्याची पद्धत, बंद केली, त्यामुळे हा फरक आता बाराही महिने राहतो. आम्ही तुलुमहून अंधारात निघालो आणि चिचेन इत्झाच्या बंद फाटकासमोर तासभर बिस्किटं खात बसलो. ते एक वेळ चालतं, पण उलट्या बाजूने हाच तास अंगावर येतो. मेरिदाहून कॅनकुनच्या विमानतळाकडे निघताना तो हातातून जातो, आणि सीमेजवळ फोन कधी या टॉवरची वेळ दाखवतो, कधी त्या. परतीच्या दिवशी फोनमधली आपोआप बदलणारी वेळ बंद करून ती हाताने लावा. त्याहून बरं म्हणजे शेवटची रात्र कॅनकुनच्याच बाजूला काढा.

महिना निवडताना दोन्ही अर्ध्यांचं पटलं पाहिजे. नोव्हेंबरअखेर ते मार्च कोरडा काळ, आणि दोघांनाही तोच सोयीचा. एप्रिल-मेमध्ये अवशेषांवर ऊन भाजून काढतं. १ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा अधिकृत मोसम आहे, त्या दिवसांत तिकीट काढलंत तर रद्द करता येणारं बुकिंग आणि प्रवासविमा दोन्ही हवेत. वादळापेक्षा जास्त लोकांचा हिरमोड करतं ते सारगासम, म्हणजे समुद्रातून वाहत येणारं तपकिरी शेवाळ. साधारण वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर त्याचे ढीग लागतात आणि ते कुजलं की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. रिसॉर्टच्या माहितीपत्रकात ते कधीच दिसत नाही. त्या महिन्यांत जाणार असाल तर इस्ला मुहेरेस बेटाच्या उत्तर टोकासारखा पूर्वेकडे तोंड नसलेला किनारा शोधा, आणि निघण्याच्या आठवड्यात किनाऱ्यावरच्या थेट कॅमेऱ्यांची चित्रं बघून घ्या. मार्चच्या २० तारखेच्या आसपास चिचेन इत्झाला पिरॅमिडच्या पायऱ्यांलगत उतरणारा सावलीचा साप बघायला हजारोंनी माणसं जमतात. हौस असेल तर जा, पण ती सावली विषुवदिनाच्या आधी-नंतरही काही दिवस पडते.

व्हिसाचं गणित विमानाच्या मार्गाशी बांधलेलं आहे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) यांपैकी एखादा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, असा नियम आहे. तिकीट काढायच्या आधी दूतावासाच्या संकेतस्थळावर तो एकदा पुन्हा वाचा. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी त्यांचा व्हिसा लागतोच. त्यामुळे ज्यांच्याकडे तो आहे त्यांची दोन्ही कामं एकात होतात, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी युरोपवरून जाणारा मार्ग बघावा. किंताना रो परदेशी पाहुण्यांकडून ‘व्हिसिटॅक्स’ नावाचा छोटा कर ऑनलाइन घेतं. तो भरल्याची पावती फोनमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे असू द्या.

आता अवशेष किती आणि कुठले. माझं मत विचाराल तर दोन, फार तर तीन. चौथ्या ठिकाणी सगळे दगड सारखे दिसायला लागतात. चिचेन इत्झा टाळता येत नाही आणि टाळूही नये. कुकुलकान या सर्पदेवाच्या पिरॅमिडच्या चारही बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वरची एक धरून ३६५ होतात. वर चढू देत नाहीत, पण पायथ्याशी उभं राहून टाळी वाजवलीत तर पायऱ्यांवरून पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा प्रतिध्वनी येतो. तिथलं चेंडूचं मैदान १६८ मीटर लांब आहे, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या अशा प्राचीन मैदानांत सगळ्यात मोठं. इथे राज्याचं आणि केंद्राच्या पुरातत्त्व संस्थेचं अशी दोन वेगळी तिकिटं असतात. एकच घेऊन रांगेतून परत येणारे रोज दिसतात. रविवारी मेक्सिकोच्या नागरिकांना प्रवेशशुल्कात सवलत असते, म्हणजे रविवार सोडून बेत आखा.

दुसरं ठिकाण स्वभाव बघून निवडा. तुलुम समुद्राच्या कड्यावर, तटबंदीच्या आत. अवशेष छोटे, दीड तासात होतात, सावली जवळजवळ नाही, पण खाली निळं पाणी आहे. मुलं बरोबर असतील तर कोबा बरं, झाडांच्या सावलीत जुन्या पांढऱ्या रस्त्यांवरून भाड्याच्या सायकली चालवता येतात. मला सगळ्यात आवडलं उश्माल. गर्दी कमी आणि कोरीवकाम अधिक बारीक. भिंतीभर पर्जन्यदेव चाकचे लांब नाकाचे मुखवटे आहेत, आणि ते का ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. उत्तर युकातानची जमीन चुनखडीची. पाऊस थेट खाली मुरतो, जमिनीवरून वाहणारी नदीच नाही. इतर नगरांना सेनोते होते, म्हणजे चुनखडीचं छत कोसळून उघडी पडलेली पाण्याची कुंडं. उश्मालला तीही नव्हती. पावसाचं पाणी जमिनीत खोदलेल्या टाक्यांत साठवायचं आणि चाककडे डोळे लावून बसायचं.

सेनोतेत तुम्हीही उतराल, म्हणून बॅग भरताना त्याचा विचार आधी करा. पाण्यात जाण्यापूर्वी अंघोळ करायला लावतात आणि सनस्क्रीन, डासांचं मलम चालत नाही, कारण तेच पाणी खालून पुढे वाहत जातं. उन्हापासून अंग वाचवायला पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घ्या. तो समुद्रावरही कामी येतो आणि सनस्क्रीनचा निम्मा खर्च वाचवतो. अवशेषांसाठी पकड असलेले बंद बूट हवेत, लाखो पावलांनी चुनखडी गुळगुळीत झालेली आहे. मोठ्या काठाची टोपी, पाण्याची बाटली, ओआरएसची पाकिटं आणि संध्याकाळसाठी डासांचं मलम (डेंग्यू तिथेही आहे) एका छोट्या पाठपिशवीत वेगळं ठेवा. ट्रायपॉड आणि ड्रोन घरीच राहू द्या, आत नेऊ देत नाहीत. समुद्राचे कपडे मोठ्या बॅगेच्या तळाशी. पहिले तीन दिवस त्यांची गरज नाही.

विजेचा दाब तिथे १२७ व्होल्ट आणि प्लगच्या पिना चपट्या. फोनचे चार्जर अडॅप्टर लावून चालतात. आपली २३० व्होल्टची किटली मात्र एक तृतीयांशापेक्षा कमी ताकदीने तापते. चहाचं पाणी उकळायची वाट बघत आम्ही दोन सकाळी घालवल्या. नळाचं पाणी पिऊ नका.

पेसोची खूणही डॉलरसारखीच असते, म्हणून पाटीवर ते चिन्ह दिसलं की घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका, कुठलं चलन ते विचारा. एटीएमने ‘तुमच्या चलनात रक्कम कापू का’ असं विचारलं की नको म्हणा. पार्किंग आणि गावाकडचे सेनोते यांसाठी छोट्या नोटा लागतात. गाडी भाड्याने घेणार असाल तर इंटरनेटवरच्या दरात सक्तीचा तृतीय पक्ष विमा धरलेला आहे का ते बघा, नाहीतर काउंटरवर आकडा दुपटीवर जाऊ शकतो. गाड्या उजवीकडून चालतात आणि गावाच्या वेशीवर ‘तोपे’ नावाचे उंच गतिरोधक पाटी नसतानाही येतात, म्हणून अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. गाडी नको असेल तर लांब पल्ल्याच्या बस चांगल्या आहेत. माया रेल्वे डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, पण तिची काही स्थानकं गावांपासून लांब आहेत. तिकिटाबरोबर पुढच्या टॅक्सीचाही हिशेब धरा.

रिसॉर्टबद्दल फारसं लिहीत नाही, तिथे तुम्हाला काही करावं लागतच नाही. मेक्सिकोत किनारे सार्वजनिक आहेत, त्यामुळे साध्या हॉटेलात उतरूनही तोच समुद्र मिळतो, हे पॅकेजचे पैसे भरण्यापूर्वी आठवा. पाण्यात शिरण्याआधी किनाऱ्यावरचा झेंडा बघा. लाल असेल तर पाय भिजवण्यापुरतंच. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळीच शेवटचं पोहून घ्या, म्हणजे ओले कपडे रात्रीत सुकतात. बॅगेत एक जाड प्लास्टिकची पिशवी तरीही टाका, तिथल्या दमट हवेत सुकलेले कपडेही सकाळी ओलेच लागतात.