ग्रेट सर्कल की ऱ्हम लाइन: अडतं ते बेरीज-वजाबाकीवर

ग्लोबवर दोरा ताणा, झालं ग्रेट सर्कल, असं सगळेच सांगतात. दोऱ्यावरून सगळ्यात जवळची वाट कळते. पण पायलटला दिशा हवी असते, आणि ती त्या वाटेवर सारखी बदलते. ऱ्हम लाइनची दिशा बदलत नाही, वाट मात्र लांब पडते.

उज्जैन आमच्या इंदूरच्या जवळपास थेट उत्तरेला, एकाच रेखावृत्तावर. (जुन्या ज्योतिषगणितातलं शून्य रेखावृत्त उज्जैनचंच!) अशा वाटेवर दोन्ही रेषा एकच. विषुववृत्तावरही तसंच.

आता इंदूर–कोलकाता घ्या. दोन्ही विमानतळ साधारण २२.७ उत्तर अक्षांशावर, रेखांशांतला फरक १२.६ अंश. ऱ्हम लाइन जवळपास ०९०, म्हणजे थेट पूर्व. १२.६ ला २२.७ च्या साइनने, म्हणजे ०.३८६ ने गुणा: ४.९ अंश कन्व्हर्जन्सी, म्हणजे ग्रेट सर्कलची दिशा वाटेत एकूण जेवढी बदलते ती. तिचा निम्मा, २.४, हा कन्व्हर्जन अँगल, म्हणजे निघताना ग्रेट सर्कल आणि ऱ्हम लाइन यांच्या दिशांतला फरक.

तो ऱ्हम लाइनच्या दिशेत मिळवायचा की तिच्यातून वजा करायचा? इथेच मी आपटलो. ‘वजा कर’ एवढंच पाठ केलं होतं. जाताना बरोबर आलं. परतीला २७० मधूनही वजा केले आणि पाच अंशांनी चुकलो. पाठांतराच्या युक्त्या विकणाऱ्यांवर तेव्हापासून माझा राग आहे, कारण दक्षिण गोलार्धात त्या उलट्या होतात. पाठ करू नका, चित्र काढा. आडवी रेघ ही ऱ्हम लाइन. ग्रेट सर्कल तिच्यापासून नेहमी जवळच्या ध्रुवाकडे फुगतं, म्हणून आपल्याकडे कमान रेघेच्या वर. निघताना नाक कमानीकडे, म्हणजे उत्तरेकडे झुकणार: जाताना ०८७.६, परतीला २७२.४. कोलकात्याला पोचताना तीच दिशा ०९२.४ झालेली असते. परीक्षेतसुद्धा हे चित्र आधी काढा, आकडे नंतर.

मर्केटर नकाशावर रेखावृत्तं समांतर असतात, तिथे सरळ रेघ म्हणजे ऱ्हम लाइन. लॅम्बर्ट नकाशावर रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात, आणि सरळ रेघ जवळपास ग्रेट सर्कल असते. तिथे कोनमापक निघण्याच्या जागी ठेवलात तर ग्रेट सर्कलची दिशा मिळते, मधल्या रेखावृत्तावर ठेवलात तर ऱ्हम लाइनची.

एवढं करून इंदूर–कोलकात्यात वाचतं किती? सुमारे १,३०० किलोमीटरांत अर्धा किलोमीटरही नाही. पण ६० उत्तर अक्षांशावर, पृथ्वीच्या समोरासमोरच्या बाजूंना असलेल्या दोन जागा घ्या: अक्षवृत्तावरून ५,४०० नॉटिकल मैल, ध्रुवावरून ३,६००. तिथे मात्र वरचं सूत्र लावू नका. ते निघतानाची दिशा ०१२ सांगेल. खरी दिशा थेट उत्तर, ०००.