एक्सरेफ सापडत नाही? ड्रॉइंग शेअर करताना या चुका टाळा

सहकाऱ्याने पाठवलेली ड्रॉइंग उघडली आणि बेस प्लॅनच्या (ज्यावर बाकीचं काम होतं त्या मूळ नकाशाच्या) जागी फाइलचा पाथ लिहिलेली नुसती एक ओळ दिसली, की पहिला विचार येतो फाइल करप्ट झाल्याचा. बहुतेक वेळा तसं काही नसतं. एक्सरेफ म्हणजे एका ड्रॉइंगमध्ये बाहेरून जोडलेली दुसरी ड्रॉइंग फाइल. ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर होस्ट ड्रॉइंगमध्ये (जिच्यात ती जोडली आहे तिच्यात) एक्सरेफच्या रेषा साठवत नाही, त्या फाइलचा पत्ता साठवतं. तो पत्ता तुमच्या मशीनवर लागला नाही, एवढंच.

म्हणून आधी एक्सटर्नल रेफरन्सेस पॅलेट उघडून सेव्ह झालेला पाथ वाचा. तो ड्राइव्हच्या अक्षरापासून सुरू होत असेल, तर तो फुल पाथ आहे आणि दुखणं बहुधा तिथेच आहे. एकाच्या मशीनवर सर्व्हर 'झेड' म्हणून जोडलेला असतो, दुसऱ्याच्या 'वाय' म्हणून. क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरच्या पाथमध्ये तर बऱ्याचदा युजरचं नावच असतं. राइट-क्लिक करून तो रिलेटिव्ह, म्हणजे होस्ट फाइलच्या जागेपासून धरलेला, करा. ऑटोकॅड २०१८ पासून नवीन एक्सरेफ आपोआप रिलेटिव्ह पाथने जोडला जातो, पण आधीच जोडलेले एक्सरेफ आपणच बदलावे लागतात. होस्ट आणि एक्सरेफ वेगळ्या ड्राइव्हवर असतील तर रिलेटिव्ह पाथ चालत नाही, त्यामुळे अख्खा प्रोजेक्ट एकाच मूळ फोल्डरखाली हवा. ड्रॉइंग बऱ्याच असतील तर रेफरन्स मॅनेजर वापरा. त्यात ड्रॉइंग न उघडता पाथ बदलता येतात.

फाइल सापडली नाही तर निदान ते दिसतं तरी. मला जास्त धास्ती वाटते ती फाइलच्या नावात रिव्हिजन नंबर घालण्याच्या सवयीची. आर्किटेक्ट 'तळमजला_आर१' बाजूला ठेवून 'तळमजला_आर२' वर काम सुरू करतो. स्ट्रक्चर आणि इलेक्ट्रिकलच्या ड्रॉइंग मात्र आर१ च दाखवत राहतात. जुनी फाइल जागेवर असल्यामुळे एकही इशारा येत नाही आणि हललेल्या भिंतीवर स्विचबोर्ड जुन्याच जागी काढला जातो. चालू फाइलचं नाव नेहमी 'तळमजला' एवढंच ठेवा. जुनी प्रत तारीख घालून आर्काइव्ह फोल्डरमध्ये टाका.

एक्सरेफ जोडण्याचे दोन प्रकार असतात: अटॅच आणि ओव्हरले. यातला कोणता निवडायचा, हा प्रश्नही घाईत सुटून जातो. तुम्ही बेस प्लॅन अटॅच केला आणि तुमची ड्रॉइंग दुसऱ्याने एक्सरेफ केली, तर बेस प्लॅनही तिच्यासोबत तिकडे जातो. त्याने तो आधीच जोडलेला असेल, तर त्याच रेषा दोनदा येतात. ओव्हरले केलेली फाइल अशी पुढे जात नाही. फक्त संदर्भासाठी जोडत असाल तर ओव्हरलेच करा.

एक्सरेफ हजारपट मोठा किंवा लहान आला तर स्केल कमांड मारून जुळवू नका. एक फाइल मिलिमीटरमध्ये आणि दुसरी मीटरमध्ये असणार. दोन्हींत 'इनसयुनिट्स' ही ड्रॉइंगचं एकक सांगणारी सेटिंग तपासा आणि चूक मुळात दुरुस्त करा. बेस फाइल मूळ बिंदूवरून सरकवणं तर टाळाच, कारण ती जिथे जिथे जोडली आहे तिथे सगळीकडे सरकते.

सहकाऱ्याने केलेला बदल दिसत नसेल तर त्याने फाइल सेव्ह केली आहे का ते विचारा, मग रीलोड करा. फाइल कुणीच उघडलेली नसताना रीड-ओन्ली उघडत असेल, तर क्रॅशनंतर मागे राहिलेल्या 'डीडब्ल्यूएल' आणि 'डीडब्ल्यूएल२' या लॉक फाइल शोधा. त्या डिलीट करण्याआधी टीममध्ये प्रत्येकाला विचारून घ्या.

ऑफिसबाहेर ड्रॉइंग पाठवायची तर एकटी डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल) मेलला जोडू नका. ऑटोकॅडच्या ई-ट्रान्समिट कमांडने एक्सरेफ, फॉन्ट, प्लॉट स्टाइल (प्रिंटच्या सेटिंगची फाइल) असं सगळं एका झिपमध्ये पाठवता येतं. समोरच्याकडे ऑटोकॅड २०१७ किंवा त्याआधीचं व्हर्जन असेल, तर ई-ट्रान्समिटच्या सेटिंगमध्येच फाइल फॉरमॅट २०१३ किंवा त्याहून जुना निवडा.