थंडगार, झणझणीत खमंग काकडी : पाणी न सुटता कशी करायची

उन्हाळ्यात पानाच्या डाव्या बाजूला थंडगार खमंग काकडी असली की मला साधा वरणभातही पुरतो. पण बऱ्याच घरी ती वाढेपर्यंत पाण्यात पोहायला लागलेली असते, तिखट एकीकडे, कूट भिजून लगदा आणि काकडी मऊ. माझ्याकडे एका डोहाळजेवणाला असंच झालं होतं, दोन तास आधी सगळं कालवून फ्रिजमध्ये ठेवलं आणि वाढायला काढलं तर पातेल्यात अर्धं पाणी! तेव्हापासून मी गार करायचं काम आधी करते आणि कालवायचं अगदी शेवटी.

चार माणसांना दोन मध्यम काकड्या घ्या, साधारण 400 ग्रॅम, कोवळ्या, बिया न धरलेल्या. देठाकडचा तुकडा कापून आधी चाखून बघा, कडूपणा बहुतेक तिथेच असतो, आणि काकडी आतूनही कडू निघाली तर सरळ दुसरी घ्या, साखर घालून तो कडूपणा जात नाही. काकड्या अख्ख्याच फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवा, ज्या भांड्यात कालवणार तेही सोबत ठेवा.

आता फोडणी, कारण ती पूर्ण गार व्हायला वेळ लागतो आणि गरम ओतली तर गार काकडीचा सगळा थंडावा जातो. दोन चमचे तेल तापवून मोहरी तडतडू द्या, मग जिरं, हिंग, कढीपत्ता आणि दोन हिरव्या मिरच्यांचे तुकडे, मिरचीवर पांढरे डाग दिसले की गॅस बंद. मिरचीचा तिखटपणा तेलात उतरतो आणि तेलाबरोबर सगळ्या काकडीला लागतो, म्हणून नुसती कच्ची मिरची घातली तर एक घास सपक आणि एक घास डोळ्यात पाणी आणणारा होतो. तरी मी एक मिरची कच्ची ठेवतेच, चिमूटभर जिऱ्याबरोबर ठेचून, तिचा हिरवा वास फोडणीतल्या मिरचीला येत नाही. उपास असेल तर तेल-मोहरी-हिंगाऐवजी तूप-जिऱ्याची फोडणी.

शेंगदाणे मंद आचेवर भाजून, सालं काढून जाडसर कुटा, चार मोठे चमचे कूट लागेल. मिक्सरला लावलंत तर थांबून थांबून फिरवा, सलग फिरवलं की तेल सुटतं.

काकडी किसू नका प्लीज, चोचवा. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, सुरीने वरच्या टोकावर जवळजवळ उभे घाव घालत जायचं, काकडी थोडी फिरवायची आणि आडवे घाव घालायचे, मग वरचा थर पातळ कापून खाली पाडायचा, परत घाव. बारीक, ओबडधोबड तुकडे पडतात, दाताखाली कुरकुरतात आणि किसल्यासारखं पाणी सुटत नाही. हातात धरून भीती वाटत असेल तर पाटावर बारीक चिरा, चालतं.

मीठ आणि साखर दोन्ही काकडीतलं पाणी ओढून काढतात, म्हणून पानं घेईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. तोपर्यंत चोचवलेली काकडी झाकून फ्रिजमध्येच. सगळे बसले की गार भांड्यात काकडी, कूट, ठेचलेली मिरची, दोन चमचे ओलं खोबरं, कोथिंबीर, गार फोडणी आणि अर्ध्या लिंबाचा रस, शेवटी एक छोटा चमचा साखर आणि अर्धा चमचा मीठ, हलक्या हाताने कालवा आणि लगेच वाढा. गार पदार्थाची चव जिभेला जरा कमी लागते, म्हणून चाखून बघताना किंचित कमी वाटलं तर लिंबू आणि मीठ थोडं वाढवा.

दही आवडत असेल तर घट्ट, टांगून पाणी काढलेलंच घाला आणि लिंबू वगळा. मला मात्र मसालेभाताबरोबर बिनदह्याचीच आवडते, आणि पिठलं-भाकरी असेल तर फोडणीत आणखी एक मिरची.