काचेवरचा सायनोटाइप धुताना सुटत होता: माझा अनुभव

सायनोटाइप म्हणजे लोहक्षारांनी उन्हात उमटवलेला निळा फोटो; काचेवर तो जिलेटिनच्या थरात धरतात. माझा हा निळा थर पाण्यात ठेवताच कडेकडून सायीसारखा उचलला जायचा. भांड्यांचा साबण, जाड थर, फ्रिजचं पाणी, सगळं करून आठ काचा वाया गेल्या. वैताग आला.

जमलं ते असं. कडा ओल्या धारेच्या दगडावर घासल्या. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने काच धुतली. मग कॅल्शियम कार्बोनेटची पूड स्पिरिटमध्ये कालवून चोळली (फळ्याचा खडू नको, तो बहुधा जिप्समचा असतो). पाणी सलग पसरलं पाहिजे. थेंब जमले तर पुन्हा चोळा. यानंतर बोटं फक्त कडेला.

मग मुख्य थराला पकड मिळावी म्हणून खाली पातळ अस्तर दिलं: 200 मिली थंड पाण्यात 1 ग्रॅम जिलेटिन 10 मिनिटं भिजवून 50 अंश सेल्सिअसला विरघळवलं, त्यात क्रोम अ‍ॅलमचं (जिलेटिन कडक करणारा क्रोमियमचा क्षार) 10 टक्क्यांचं द्रावण 1 मिली. ओतून, निथळून काच रात्रभर उभी सुकवली. मुख्य थर दुसऱ्या दिवशी.