'कसब' कुठे वापरायचं, कुठे नाही

कसब म्हणजे सरावाने हाताला आलेली कारागिरी. शब्द मूळचा अरबी. तिथे 'कस्ब' म्हणजे मिळवणं, कमाई. म्हणून आयत्या मिळालेल्या गुणाला कसब म्हटलं की कानाला खटकतं. गोड गळा ही देणगी, पण द्रुत लयीत तान स्वच्छ घेणं हे कसब.

शब्द नपुंसकलिंगी आहे: ते कसब, तिचं कसब. प्रत्यय लावताना कसबाने, कसबाला, कसबाचं काम. इथेच घोटाळा होतो. 'कसब्याने' लिहिलं की शब्दच बदलतो, कारण ते 'कसबा' या गाववाचक शब्दाचं रूप. पुण्यात लोक कसब्यात राहतात, कसबात नाही. आणि 'कसाब' म्हणजे खाटीक, त्याचा इथे काही संबंध नाही.

कसब लागतं, अंगी असतं, दाखवता येतं, पणाला लावता येतं. 'कसब करणं' मात्र टाळा. जुन्या मराठीत शरीरविक्रयालाही कसब म्हणत, 'कसबीण' त्यातूनच आलं. त्यामुळे पैठणी विणणाऱ्या बाईंचं कौतुक करताना 'कसबी कारागीर' लिहा. 'कसबी' स्त्रीलिंगातही बदलत नाही. जुन्या वर्णनात 'कसबी पदर' दिसला तर तो जरीचा पदर, विणणाऱ्याच्या हुशारीबद्दल त्यात काही नाही.

शेजारचे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. हातोटी (ती) म्हणजे युक्ती साधणं: पुरणपोळी न फुटता लाटण्याची हातोटी, अवघड विषय सोपा करून सांगण्याची हातोटी. हातखंडा (तो) कशात आहे हे सांगताना 'त' प्रत्यय मागतो: उकडीच्या मोदकांत आजींचा हातखंडा. 'मोदकांचा हातखंडा' चूक. कौशल्य हा त्यातला कागदोपत्री शब्द. शिकवता येतं, मोजता येतं, अनेकवचनही होतं, म्हणून नोकरीच्या अर्जात 'कौशल्ये' असाच मथळा द्या. तिथे 'कसबं' हास्यास्पद दिसेल. उलट कुंभाराच्या हातावर लिहिताना 'कौशल्य' घातलं तर वाक्य सरकारी परिपत्रकासारखं वाचलं जातं.

प्रमाणपत्रांवर सर्रास दिसणारी चूक म्हणजे 'कौशल्यता', 'नैपुण्यता'. यांत भाववाचक प्रत्यय दोनदा लागलाय. कुशलता किंवा कौशल्य, निपुणता किंवा नैपुण्य, यांपैकी एकच घ्या. 'प्राविण्य'ही चूक, मूळ शब्द प्रवीण, म्हणून प्रावीण्य, वी दीर्घ.